पेशंट पळाले, पुदिना माजला

"मी म्हणजे बहिरी ससाणा," दाजी स्वतःची ओळख करून देत. "आकाशात उंच घिरट्या, नजर जमिनीवर. खाली उंदराने मिशी हलवली तरी मला कळतं. गुन्हेगार माझं नाव ऐकतो आणि त्याच्या अंगाला कापरं भरतं. बुद्धी म्हणाल तर वस्तरा. स्मरणशक्ती म्हणाल तर... मी काय सांगत होतो?"

यावर समोरचा माणूस हमखास आवाज चढवून विचारी, "कानाचं यंत्र लावून बघितलंत का?" बहिरी ससाणा नावाचा एक तेज शिकारी पक्षी असतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बहिरी म्हणजे काय, ते मात्र सगळ्यांना ठाऊक असतं.

दाजींचा मेहुणा हा प्रकार काउंटरमागून, चष्म्याच्या काचा पुसत, रोज बघत असे. दुकान त्याचं होतं, चष्म्याचं. मागच्या खोलीत डोळे तपासायचं मशीन होतं आणि त्या मशीनशेजारच्या स्टुलावर दाजींचं गुप्त तपास कार्यालय होतं. दाजींची सगळी नोकरी लोकांच्या घरातले विजेचे मीटर वाचण्यात गेली होती. "मीटर वाचून हात बसला, आता माणसं वाचतो," असं ते म्हणत. दाजींची बायको, म्हणजे मेहुण्याची थोरली बहीण, हिचं म्हणणं साधं होतं. निवृत्त झालेला नवरा स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं उघडून 'इथे कोण येऊन गेलं?' असं विचारायला लागला, की त्याला दिवसभर कुठेतरी धाडावंच लागतं. "तुझ्याकडे बसू दे रे," ताईने भावाला सांगितलं. "तुझं काय जातंय?"

काय काय जात होतं, ते मेहुण्याने बहिणीला कधी सांगितलं नाही. गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचायला बसलं की मागून खर्जातला आवाज येई, "या व्यक्तीने आज घाईघाईत दाढी केलेली आहे." गिऱ्हाईक बाई असली तर ती उठून जाई.

अशा त्या दुकानात एके सकाळी पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर आले. त्यांचा चष्मा नाकावर धड होता, चेहरा मात्र पार वाकडा झाला होता.

"माझे पेशंट चोरीला गेलेत," ते स्टुलासमोर बसत म्हणाले.

दाजींनी डोळे मिटले. तपास सुरू झाला की ते डोळे मिटत. "किती?"

"जवळजवळ सगळे."

"शेवटचे कुठे पाहिलेत?"

"कुठे म्हणजे? वेटिंग रूममध्ये. बाकावर."

"बाक जागेवर आहे?"

"आहे की."

"म्हणजे चोराला बाकात रस नाही," दाजी म्हणाले. "मेहुणे, हे लक्षात ठेवा."

मेहुण्याने लक्षात ठेवलं. दुसरं लक्षात ठेवण्यासारखं अजून काही नव्हतंच.

डॉक्टरांनी मग सविस्तर सांगितलं. पोटात गुबारा धरला, घसा धरला, नाक चोंदलं, डोकं जड झालं, अशा बारीकसारीक तक्रारींवर त्यांचा दवाखाना चालायचा. सकाळी बाकावर बसायला जागा नसायची. आणि आता आठवडेच्या आठवडे झाले, बाक ओस पडला होता. "रिसेप्शनवरच्या बाईंना महिनाअखेरीस नाही म्हणावं लागणार," डॉक्टर म्हणाले. "नुसतं बसवून तरी किती दिवस ठेवू? त्यांनाच लाज वाटायला लागलीय."

मेहुण्याच्या हातातलं फडकं थांबलं.

त्याचं कारण असं. रिसेप्शनवरच्या बाई वर्षभरापूर्वी चष्म्याचा सैल झालेला स्क्रू आवळून घ्यायला दुकानात आल्या होत्या. मेहुण्याने तो आवळून दिला, पण एक फेरा कमी. त्यामुळे त्या पुन्हा आल्या. त्यानेही पुन्हा एक फेरा कमी आवळला. एवढी गोष्ट सोडली तर तो माणूस धंद्यात अत्यंत प्रामाणिक होता. चाळिशीला टेकला तरी त्याने आजवर त्यांच्याशी स्क्रूव्यतिरिक्त कुठल्याही विषयावर चकार शब्द काढला नव्हता.

"दाजी, ही केस घ्या," तो म्हणाला.

दाजींनी एक डोळा उघडला. मेहुणा आपणहून काही बोलला, असं पहिल्यांदाच घडत होतं.

* * *

घटनास्थळाची पाहणी त्याच दिवशी झाली. पुढे दवाखाना, मागे राहतं घर आणि त्याच्यामागे बाग, अशी ती जागा होती. वेटिंग रूममध्ये पंखा फिरत होता आणि रिसेप्शनवरच्या बाई पेन्सिलींना टोकं काढत होत्या. सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून झाली होती, तरी त्या काढत होत्या. मेहुण्याकडे बघून त्यांनी चष्मा नाकावर वर ढकलला.

"या बाईंवर नजर ठेवा," दाजी मेहुण्याच्या कानात म्हणाले.

"ठेवतो," मेहुणा म्हणाला. त्या दिवसापुरतं त्याला दिलेलं हे एकच काम त्याने मनापासून केलं.

दाजींनी बाक हुंगला. बाकाखाली वाकून पाहिलं. वाकले ते कंबर धरून उठले. "डॉक्टर, संशयाची सुई सध्या चहूकडे फिरतेय."

"सुईचं नाव काढू नका हो," डॉक्टर कळवळून म्हणाले. "किती दिवस झाले कुणाला टोचून."

मग सगळे मागच्या घरात गेले. स्वयंपाकघरात डॉक्टरांच्या आई ओट्यापाशी उभ्या होत्या. लहानखुरी, ताठ पाठीची बाई. सगळं गाव त्यांना आजी म्हणे. त्यांच्या मागे दार सताड उघडं होतं, आणि दारातून दिसत होता पुदिना.

नुसता पुदिना म्हणणं कमी पडेल. कुंडीत लावतात तो गरीब पुदिना वेगळा. हा रानपुदिना होता. आजींनी कधी काळी ओढ्याकाठून एक काडी आणून मागच्या नळाजवळ खोचली होती. एवढं निमित्त त्याला पुरलं. जमिनीखालून मुळं सोडत त्याने आधी नळ घेतला, मग मोरी, मग पायवाट. डॉक्टरांच्या गुलाबांच्या वाफ्यात तो डोकं वर काढून उभा होता. पायरीच्या फटीतून आला होता. दाराशी ठेवलेल्या जुन्या गमबुटात माती होती, त्यातही तो गुण्यागोविंदाने नांदत होता.

"बघा हे," डॉक्टर म्हणाले. "दवाखान्यात माणूस नाही आणि इथे पाय ठेवायला जागा नाही. आईला शंभरदा सांगितलं, हा काढून टाक. शेवटी सोमवारी फरशीवाले बोलावलेत. सगळी बाग फरशीखाली घालतो, मग बघू कसा उगवतो ते."

आजींनी चहाच्या आधणात मूठभर पानं टाकली आणि झाकण जरा जोरात ठेवलं.

"डॉक्टर, काळजी सोडा," दाजी म्हणाले. "मी या प्रकरणाची पाळंमुळं खणून काढीन."

"आधी याची काढा," डॉक्टर पुदिन्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"एवढं मात्र नक्की," दाजी छाती काढून बोलले, "इथे कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरतंय की," आजी म्हणाल्या. "त्या नळाखाली. म्हणून तर एवढा माजलाय."

तेवढ्यात मागच्या फाटकाची कडी वाजली. आजी ओल्या हातानेच बाहेर गेल्या, कुणाशी दोन शब्द बोलल्या आणि परत आल्या. चहा गाळून होतो न होतो तोच कडी पुन्हा वाजली. या वेळी शिंप्याचा आवाज होता. मग तिसऱ्यांदा वाजली.

"मागच्या दाराला बरीच वर्दळ दिसते," मेहुणा दाजींना हळूच म्हणाला.

"मेहुणे, तुम्ही शिकाऊ आहात," दाजी तितक्याच हळू म्हणाले. "मागच्या दारावर सगळ्यांचा संशय असतो. म्हणून मुरलेला गुन्हेगार नेहमी पुढच्या दाराने येतो. आपण पुढचं दार धरायचं." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! आजी, आमच्या घरी सकाळी अगदी असाच असतो."

"असेल की," आजी म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या.

* * *

दुसऱ्या दिवसापासून दाजींनी दवाखान्याच्या समोरच्या विजेच्या खांबापाशी पाळत ठेवली. वेषांतर म्हणून मेहुण्याच्या दुकानातला काळा चष्मा घातला. त्याचं लेबल काढायचं राहून गेलं, ते कानाशी दिवसभर फडफडत होतं. पुढच्या दाराने कुणी गेलं नाही. खूप वाट बघितल्यावर एक हात गळ्यात बांधलेला सुतार तेवढा आत गेला, आणि त्याचा हात खरोखरच मोडलेला होता. दाजींनी त्याला वगळलं. "मोडलेला हात हा पुरावा होत नाही, तो अपवाद असतो," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी पहिला निष्कर्ष काढला. "रिसेप्शनवरची बाई. ती पेशंटांना घाबरवून पळवते. पेन्सिलींची टोकं पाहिलीत ना?"

"दाजी, काहीतरी काय!" मेहुणा एवढ्या मोठ्याने म्हणाला, की दुकानातल्या गिऱ्हाइकाने वाचत असलेली ओळ सोडून दिली. "त्यांची नोकरी जातेय. त्या कशाला पळवतील?"

"हीच तर तिची चाल," दाजी म्हणाले. पण मेहुण्याचा चेहरा पाहून त्यांनी तो सिद्धांत बाजूला ठेवला. दुकानातला स्टूल त्यांना अजून हवा होता.

दुसरा निष्कर्ष जास्त भव्य होता. "गल्लीत साथ पसरलीय," दाजींनी जाहीर केलं.

"कसली?"

"आरोग्याची. माणसामाणसांतून पसरते. एक बरा झाला की शेजारचा बरा होतो. मेहुणे, हे फार भयंकर आहे. वेळीच आवर घातला नाही तर गावात एकही आजारी माणूस उरणार नाही."

साथीचा उगम शोधायला दोघे जुन्या पेशंटांच्या घरोघरी, दुकानोदुकानी फिरले. शिंपी टाके घालत म्हणाला, "पोट? आता झकास आहे." शाळेतल्या बाई म्हणाल्या, "सर्दी यायची खरी, आता टिकत नाही." किराणावाला ढेकर देत म्हणाला, "बघा, मोकळा येतो." दाजी प्रत्येकाच्या अगदी जवळ जाऊन डोळ्यांत रोखून पाहत. शाळेतल्या बाईंनी त्यांना पट्टी दाखवली, तेव्हा कुठे ते मागे सरले.

बाहेर आल्यावर दाजी फुटपाथवरच थबकले. त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या.

"मेहुणे, वास आला?"

"कसला?"

"तिघांच्याही तोंडाला एकच वास. थंड, तिखट, झोंबरा. ओळखा पाहू."

मेहुण्याने ओळखला. तो तोंड उघडणार, तोच दाजींनी हात वर केला.

"टूथपेस्ट!"

"पण दाजी, मला वाटतं तो..."

"सगळं गाव अचानक दिवसभर दात घासायला लागलंय. का? कुणी सांगितलं? दातांच्या दवाखान्याची पाटी कुणी पाहिली? चौकात, नवी कोरी! मेहुणे, दातांचा डॉक्टर आपल्या डॉक्टरांचे पेशंट तोंडाने ओढून नेतोय. पोटात दुखलं तरी 'आधी तोंड दाखवा' म्हणत असणार. अन्न तोंडातूनच तर पोटात जातं. सगळं जुळतंय!"

मेहुण्याला काहीच जुळताना दिसत नव्हतं. पण महिना सरत आला होता. त्या दिवशी दवाखान्यात बाईंना खणातल्या आपल्या वस्तू, एक आरसा, एक रुमाल, पाण्याची बाटली, पिशवीत भरताना त्याने खिडकीतून पाहिलं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्याला टूथपेस्टच्या ट्यूबचाही चालणार होता. "चला," तो म्हणाला.

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत दाजी बनावट पेशंट होऊन बसले. त्यांनी गाल धरून कण्हायचं आणि तोंडाला बत्ती लागली की डोळ्यांनी खोली न्याहाळायची, असा बेत होता. त्यांनी कण्हत एका दाताकडे बोट दाखवलं.

"हा तर ठणठणीत आहे," दातांचे डॉक्टर आत डोकावत म्हणाले. "पण त्याच्या शेजारचा पार किडलाय. बाप रे! कसं सहन करत होता तुम्ही? हा आजच काढायला हवा."

दाजींनी घाईघाईने हात हलवले, मान हलवली, पाय झाडले. तोंडात आरसा, चिमटा आणि नळी असताना नकार देणं किती अवघड असतं, ते त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही. आपण सोंग घेतलंय हे सांगावं तर वेष उघडा पडतो. बहिरी ससाण्याने वेष राखला आणि दाढ गमावली.

बाहेरच्या बाकावर बसलेल्या मेहुण्याला एकच किंकाळी ऐकू आली. थोड्या वेळाने दाजी कापूस चावत बाहेर आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्यात विजय तरंगत होता.

"फुरावा मिळाला," ते म्हणाले.

* * *

रविवारी संध्याकाळी दाजींनी सगळ्यांना वेटिंग रूममध्ये बोलावलं. कित्येक दिवसांनी बाक भरला. डॉक्टर होते. आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. रिसेप्शनवरच्या बाई आपल्या टेबलामागे भरलेली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दातांचे डॉक्टरही आले होते. टाका कसा आहे ते पाहायला आपल्याला बोलावलंय, अशी त्यांची समजूत होती. मेहुणा दाराशी उभा राहिला. दाजींचा गाल सुजून एवढा मोठा झाला होता, की समोरून पाहताना दोन माणसं शेजारी उभी असल्यासारखी वाटत होती.

"फज्जनहो," दाजी म्हणाले.

"सज्जनहो," मेहुण्याने खुलासा केला.

"हा गुन्हा फाधा नाही. याच्या मागे एक फैतानी डोकं आहे."

"साधा नाही, सैतानी डोकं आहे."

"आणि तो फैतान आफल्यात बफला आहे! हा!" दाजींनी बोट रोखलं. "फंतफैद्य!"

कुणालाच काही कळलं नाही. सगळे मेहुण्याकडे पाहू लागले. मेहुण्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "दंतवैद्य," तो खालमानेने म्हणाला.

"मी?" दातांचे डॉक्टर ताडकन उठले. "अहो, मी काय केलं?"

"टूथफेफ्ट!" दाजी गरजले आणि त्या गर्जनेने टाका दुखून मटकन खाली बसले.

नेमकी त्याच वेळी ताई हातात थर्मास घेऊन आत आली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. सरळ नवऱ्यापुढे गेली, पेल्यात हिरवट काढा ओतला आणि त्यांच्या हातात दिला. "सकाळपासून सांगतेय, दर तासाला गुळण्या करायच्या. गुन्हेगार पळून जाणार आहे का? घ्या आधी."

दाजींनी मुकाट्याने घोट घेतला. वेटिंग रूममध्ये थंड, तिखट, झोंबरा वास पसरला. डॉक्टरांनी मान वर केली. त्यांनी एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं.

"वहिनी, हे काय आहे?"

"रानपुदिना. सुजेवर बरा."

"कुठून आणलात?"

ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, हा माणूस स्वतःच्याच घरात राहतो ना? "कुठून म्हणजे? तुमच्या मागच्या दारातून. आजींकडून. सगळं गाव तिथूनच तर नेतं. पोटाला, सर्दीला, घशाला. आमच्या ह्यांनाही रोज सकाळी चहातून देते. तेव्हापासून पोट तक्रार करत नाही."

"म्हणून तुम्हीही यायचे बंद झालात!" डॉक्टर दाजींकडे वळले. "दर आठवड्याला गॅस घेऊन यायचात."

तोंडात काढा होता, म्हणून दाजींना उत्तर देता आलं नाही. नसता तरी आलं नसतं. चोरीला गेलेल्या मालाने स्वतःच्या चोरीचा तपास केला, अशी केस गुप्तहेरांच्या इतिहासात पहिलीच असावी. त्यांनी हळूच तोंडातला काढा गिळून टाकला.

डॉक्टर आईकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं, असं मेहुण्याला वाटलं.

"आई, तू?"

"तूच म्हणालास, काढून टाक," आजी म्हणाल्या. "मी काढतेच होते. पण चांगलं औषध उकिरड्यावर कसं टाकायचं? म्हणून जो मागेल त्याला एक जुडी देत गेले. आता काढावा तितका फुटतो, त्याला मी काय करू?"

"माझे पेशंट पळवलेस तू."

"पेशंट कसले? जास्त जेवलेली माणसं होती ती."

"आणि माझा दवाखाना? ह्या बाईंची नोकरी?"

यावर मात्र आजींचं तोंड उतरलं. त्यांनी टेबलाकडे, त्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "नोकरी जाणार आहे?" त्यांनी विचारलं आणि दोन्ही हात मांडीत घेतले. "मग घाल उद्या फरशी," त्या शेवटी म्हणाल्या. "मी आता कुणाला देत नाही."

तपास फत्ते झाला होता आणि कुणालाही बरं वाटत नव्हतं.

"डॉक्टर, मी एक बोलू का?"

रिसेप्शनवरच्या बाई उभ्या राहिल्या होत्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी चष्मा वर ढकलला. "गेल्या महिन्याभरात जे थोडे आले ना, त्यांना मी विचारायचे, कुणी पाठवलं म्हणून. तो प्लंबर आठवतो?"

"त्याला कसा विसरेन?" डॉक्टर म्हणाले. प्लंबरचं हृदय कधीही दगा देईल अशा बेतात होतं. डॉक्टरांनी त्याला उभ्या उभ्या गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर तो वाचला नसता. तो घरी परत आला त्या दिवशी डॉक्टर किती दिवसांनी पोटभर जेवले होते.

"त्याला आजींनी पाठवलं होतं. ती धापा लागलेली मुलगी, तिलाही. हात मोडलेला सुतार पाला बांधून घ्यायला मागे गेला होता, त्यालाही आजींनीच पुढे पाठवलं. जे आले ते सगळे एकच वाक्य बोलत आले. 'आजींनी पाठवलं.'"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं.

"प्लंबर म्हणाला, पित्त झालंय, चार पानं द्या," आजी जमिनीकडे बघत म्हणाल्या. "पण त्याला घाम कसला सुटला होता! अंग गार, तोंड राखेसारखं. मी पानं दिली नाहीत. दंडाला धरलं आणि म्हटलं, हे माझ्या मुलाचं काम आहे, पुढच्या दाराने जा. फाटकातून दारापर्यंत मीच आणून सोडला. तू आत होतास."

डॉक्टरांनी एक खुर्ची ओढली आणि आईसमोर बसले. "मला वाटत होतं, लोकांचा माझ्यावरचा विश्वास उडाला."

"वेडा आहेस," आजी म्हणाल्या. "सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. दोन दिवसांत उतार पडला नाही तर इथे फिरकायचं नाही, माझ्या मुलाकडे जायचं."

एवढ्यात कोपऱ्यातून एक खाकरण्याचा आवाज आला. दाजी उभे राहिले होते. काढ्याने सूज जरा उतरली होती आणि तोंडातून 'स' निघू लागला होता.

"मला सुरुवातीपासूनच आजींचा संशय होता," ते म्हणाले.

ताईने त्यांना दंडाला धरून घरी नेलं.

* * *

सोमवारी फरशीवाले आले. डॉक्टरांनी त्यांना फाटकापासून गुलाबांपर्यंत एक अरुंद वाट तेवढी करायला सांगितली, म्हणजे लोकांचे पाय मळायला नकोत. वाकून वाकून मुकादमाचं डोकं चढलं होतं, तोही जाताना एक जुडी घेऊन गेला. गुलाबांच्या वाफ्याभोवती मात्र डॉक्टरांनी पत्रे जमिनीत खोल ठोकले. आई झाली तरी तिच्या पुदिन्यावर किती विश्वास ठेवायचा, याला मर्यादा असते.

पेशंट पूर्वीइतके झाले नाहीत, पण जे येत ते खरे येत. डॉक्टर एकेकाला नीट वेळ देऊ लागले. त्यामुळे लांबच्या गल्ल्यांतूनही माणसं यायला लागली आणि बाक पुन्हा भरू लागला. बाईंनी पिशवीतल्या वस्तू खणात परत ठेवल्या. दाजींनी दुकानाच्या मागच्या खोलीत 'महापुदिना प्रकरण: संपूर्ण यश' अशी पाटी लावली. दातांच्या डॉक्टरांशी त्यांचं अजून बोलणं नव्हतं. अर्थात, पुढच्या महिन्यात आणखी एक दाढ काढून घ्यायची होती, तेव्हा बोलावं लागणारच होतं.

राहता राहिला मेहुणा. त्याचं काहीतरी बिनसलं होतं. जेवण जात नव्हतं. पोटात सारखा गोळा उठे, मधूनच छातीत धडधडे. एके दुपारी दुकान दाजींवर सोडून, म्हणजे जवळजवळ बंदच करून, तो मागच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने कडी वाजवली.

"काय होतंय?" आजींनी विचारलं.

"पोटात कसंतरीच होतं. धडधडतं. चार पानं द्या."

आजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कधी होतं?"

"तसं ठरलेलं नाही. दुकानात असताना. म्हणजे... कुणी स्क्रू आवळून घ्यायला आलं की."

"आणि ते कुणी गेलं की?"

"गेलं की जास्त."

आजींनी खुडलेली पानं हळूच परडीत परत टाकली. "नाही, याला माझी पानं चालायची नाहीत," त्या म्हणाल्या. "तू पुढच्या दाराने जा."

तो वळसा घालून पुढे गेला. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. वेटिंग रूममध्ये पंखा फिरत होता. बाई काहीतरी लिहीत होत्या आणि चष्मा नाकावरून घसरला होता. त्यांनी वर न बघताच विचारलं, "काय त्रास आहे?"

"आजींनी पाठवलं," मेहुणा म्हणाला.

बाईंनी झटकन पेन्सिल खाली ठेवली आणि वर पाहिलं. आजी कुणाला पुढे पाठवतात, ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे फारच पुढे गेलंय."

"हो," मेहुणा म्हणाला, आणि बाकावर बसला.